सोनीबाईचा नेम

“याच्या हाती मी पुडे देत नाई!” सोनीबाईनं तेंदूच्या पानांचं गाठोडं परत डोक्यावर घेतलं. “दुसरा मुनशी आणा.”

फळीवरच्या बाया फिसकन हसल्या. फळी म्हणजे गावाबाहेरचं मोकळं रान. पहाटेपासून जंगलात तोडलेली पानं बाया पुडे बांधून तिथं आणतात, मुनशी ते मोजून घेतो आणि उन्हात वाळायला मांडतो. यंदाचा मुनशी होता अंकुश. आणि याच अंकुशनं हिवाळ्यात, याच बायांच्या डोळ्यांदेखत, एका विधवेला लेकरासकट घराबाहेर काढलं होतं.

नाटकात हो! दिवाळी ते होळी अंकुश वडशाच्या एका नाटक कंपनीत खलनायक करायचा. असा करायचा, की सोनीबाईनं तेव्हा पहिल्या रांगेतून चप्पल फेकून मारली. ती बसली ऑर्गनवाल्याच्या टाळक्यात. अंकुशला वाटलं, नटाला याहून मोठं बक्षीस नाही. घ्या आता बक्षीस!

“बाई, ते नाटक होतं ना,” अंकुश काकुळतीला आला.

“मले कळते, नाटक होतं. पण तू हासला कसा होता? पोटात असल्याबिगर तसं हासणं ओठावर येत नाई. तवा नेम चुकला माहा. आता चुकणार नाई.”

हसण्यावारी नेण्यासारखं हे नव्हतं. बायांनी पुडे दिले नाहीत तर अंकुशचा उन्हाळा गेला. या मुलखात एका कामावर वर्ष निघत नाही. पावसाळ्यात धानाची रोवणी, मग नाटक, मग मोहफुलं, मग तेंदू, मधल्या दिवसांत गावातल्या मोटारपंपांची दुरुस्ती. यातलं एक काम हातचं गेलं की चूल अडते. सोनीबाईचं तरी काय वेगळं होतं? शाळेत खिचडी रांधायची, मोह वेचायची, रोवणीला जायची, आणि वाघाची डरकाळी ऐकू आली तरी पानं तोडायला जंगलात शिरायची.

विड्यांसाठी पानं विकत घेणाऱ्या ठेकेदाराचा मॅनेजर मोटारसायकलला टेकून मजा पाहत होता. त्यानं अंकुशला बाजूला घेतलं.

“अरे, हे तर बढियाच झालं! उद्यापासून प्रत्येकीचे थोडे पुडे सडके म्हणून न मोजता बाजूला काढत जा. बदनाम तू आहेसच. शिव्या तुला बसतील, पुडे माझ्या गोदामात येतील.” मग त्यानं आवाज उतरवला. “आलापल्लीच्या गोदामात मला माणूस पाहिजे. बारमाही.”

बारमाही! रात्री घरी अंकुशची बायको दुर्गा हे ऐकून चुलीपासून उठूनच उभी राहिली. “म्हणजे बारा महिने एकच काम? बाप्पा! मंग तुमाले गावोगाव फिरा नाई लागणार?” ती कितीतरी दिवसांनी अशी हसली. नोकरी कशाच्या बदल्यात मिळते आहे, ते अंकुशनं सांगितलं नाही. जेवण मात्र त्याला गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं बायांना दम भरला. हाच मुनशी राहील, नाहीतर पानं घरी न्या. बाया मुकाट्यानं रांगेत आल्या. सोनीबाईही आली. मॅनेजरनं मागून खाकरून खूण केली.

अंकुशनं तिच्या गाठोड्यातला पुडा उचलला. ताजी, रुंद पानं, गच्च बांधलेली. कुठं डाग नाही. त्याला दुर्गाचं हसू आठवलं. मग त्यानं मिशीला पीळ दिला, छाती पुढं काढली आणि गावाच्या वेशीपर्यंत ऐकू जाईल असा हसला. तेच हसणं.

“चांगल्या पुड्यांना सडके म्हणा! बायांना हात हलवत घरी पाठवा! आणि तेच पुडे गुपचूप गोदामात भरा! शिव्या खाईल मुनशी आणि माल खाईल मॅनेजर! हा हा हा!”



“क्या बक रहा है बे!” मॅनेजर ओरडला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग पार उडाला होता. बायांनी अंकुशकडं पाहिलं, मग मॅनेजरकडं पाहिलं, आणि त्यांना सगळं समजलं. आलापल्ली गेली, हे अंकुशलाही समजलं. त्याला फार वाईट वाटलं, आणि हलकंही वाटलं.

सोनीबाईनं वाकून पायातली चप्पल काढली. अंकुशनं सवयीनं डोकं खाली घातलं. चप्पल त्याच्या डोक्यावरून सणसणत गेली, आणि मागं मोटारसायकलपाशी मॅनेजर गाल धरून मटकन खाली बसला.

“आता नाई चुकला,” सोनीबाई म्हणाली. तिनं गाठोडं अंकुशच्या पुढ्यात सोडलं. “घे, मोज.”