शालनआईची चटणी

वृषालीने आईच्या कपाळाला पट्टी लावली. #शालनआईचीचटणी हा हॅशटॅग उघडणाऱ्या प्रत्येकाला आता शालनबाईंच्या मनातलं सगळं स्वतःच्या मनात जाणवणार होतं. बाबा अपघातात गेल्याचं कळलं तेव्हा चटणीच्या जाहिरातीसाठी लावलेली ही पट्टी चुकून चालूच राहिली होती. ज्यांना ते दुःख जाणवलं त्यांनी रडत रडत शेंगाचटणी मागवली, आणि सोलापुरातला हा घरगुती धंदा राज्यभर पोचला.

दुःख ओसरलं तशी मागणीही ओसरली. मग जाहिरात कंपनीच्या निमकरांनी आईच्या मेंदूतून ती बातमी पुसायची सोय केली. पोरांच्या भल्यासाठी आई तयार झाली. आता तयार झाल्याचंही तिला आठवत नव्हतं. दर गुरुवारी वृषाली तिला बाबा गेल्याचं सांगायची, आई नव्याने कोसळायची, आणि रात्री सगळं पुसलं जायचं.

"लोकांना आता याची सवय झालीय," आज निमकर वृषालीला बाजूला घेऊन म्हणाले. "दुसरं कुणाचं तरी नाव घ्या."

आत वृषालीचा भाऊ संग्राम पुड्या बांधत होता. त्याला ऐकू गेलं. त्याने दार आतून लोटून घेतलं.

वृषाली आईसमोर बसली. तिचा आवाज हल्ली कापत नसे.

"आई, संग्राम गेला गं."

शालनबाईंनी तिचा हात घट्ट धरला. "तुझ्या बाबांना आता कोण सांगणार?"

मोबाइलवर मागण्यांचा पाऊस सुरू झाला. निमकर वृषालीच्या कानाशी वाकले.

"बाबांचंही आत्ताच सांगून टाका."

वृषालीने सांगितलं.