शेवटची चढाई

“केशर, एका गुणानं पुढे आहोत. शेवटची चढाई आहे. कुणाला शिवू नकोस, वेळ काढून परत ये,” गुरुजी म्हणाले. असंच सावध खेळवून त्यांनी मुलींना कबड्डीच्या अंतिम सामन्यापर्यंत आणलं होतं.

“गुरुजी, कीर्तनात तुम्ही बुवांमागे झांज धरता ना? आख्यान रंगात आलं की बुवा घड्याळ बघतात का हो?”

गुरुजींना हसू फुटलं. “जा बाई! पण पकडली गेलीस तर आघाडी गेली.”

केशर आत घुसली, दोघींना शिवली, आणि तिसरी पायाला चिकटलेली असतानाच तिनं मधल्या रेषेवर हात टेकवला.

“जिंकत होतोच की! कशाला जिवाला घोर?” मंडळाचे अध्यक्ष कुरकुरले.

“जिंकत होतो हो,” नाचणाऱ्या मुलींकडे बघत गुरुजी म्हणाले, “पण अशा कधी हसल्या होत्या?”