मालनचं गोत्र

“भुताला कधी सोडवायचं नाही, राजाराम. ते सुटलं की वाचकही सुटला.”

भाऊंना जाऊन नऊ वर्षं झाली होती, तरी अंकाचं शेवटचं पान लिहिताना राजारामला त्यांचा आवाज ऐकू यायचा. ‘सावट’ मासिक भाऊंनी काढलं, त्यांच्यामागे राजारामने चालवलं. घाटकोपरच्या एका खोलीत बसून त्याने वीस वर्षांत दीडशे भुतं जन्माला घातली. एकाचीही सुटका केली नाही.

घरोघरी टीव्ही आला, तशी मासिकं एकेक करून बंद पडली. ‘सावट’ तगून होतं ते मालनमुळे. सासरी तहानेने गेलेली ही सून दर अंकात नव्या दारापुढे ओंजळ धरायची, आणि दर अंकात ती ओंजळ कोरडी राहायची.

भाद्रपदातल्या त्या दुपारी विक्रोळीहून एक वाचक आल्या. रत्नप्रभाबाई. कपाळाला अंगारा, चपला दाराबाहेर काढलेल्या. खुर्चीच्या कडेवर टेकून हळूच म्हणाल्या, “साहेब, मालनचं गोत्र काय?”

राजारामला वाटलं, चेष्टा असावी. पण बाई तशा नव्हत्या. दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावास्या होती. मालनच्या नावाने पाणी सोडायचं म्हणून त्या गुरुजींकडे गेल्या, तर गुरुजींनी गोत्र आणि बापाचं नाव आणायला सांगितलं. चार महिने सोमवार सोडताना मालन आठवून पाण्याचा पहिला घोट त्यांच्या घशाखाली उतरत नव्हता.

भूत पाहिलंत का, झोप लागते का, असं लोक त्याला नेहमी विचारायचे. गोत्र आजवर कुणी विचारलं नव्हतं.

“अहो, ती खरी नाही,” तो म्हणाला. “मी रचलीय तिला.”

बाईंच्या चेहऱ्यावर हायसं वाटल्यासारखं काहीतरी आलं.

“म्हणजे बाप तुम्हीच की. मला वाटलं, तिचं कुणीच नाही. बाप असताना परक्या बाईने पाणी सोडणं बरं दिसत नाही.”

राजारामने त्यांना सगळं समजावलं. भाऊंचा नियम, दिवाळी अंकात मालन येणार अशी झालेली जाहिरात, मालन पाणी प्याली तर मासिक मिटेल ते. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “द्याल ना?”

“देतो,” तो म्हणाला, आणि स्वतःच दचकला.

बाई गेल्यावर त्याने टेबलावरचं पान पुढे ओढलं. शेवटच्या दोन ओळी खोडून तिथे तीन लिहिल्या. कागदाची घडी खिशात घातली, पायात चपला सरकवल्या. छापखाना डावीकडे होता. तो आधी उजवीकडे वळला आणि वाण्याकडे काळे तीळ मागितले.

“किती देऊ?”

“एकीला पुरतील एवढे.”