ईसीजीची जुनी मशीन

कारंजाच्या हायवेलगतच्या त्या गोडाऊनमध्ये अकरा पलंग होते, सलाईनचे सात स्टँड, दोन व्हीलचेअर आणि टेबलावर ईसीजीच्या दोन मशीन. सगळे वापरलेले. रुचिकाला दोनपैकी एक मशीन हिंगणीच्या छोट्या दवाखान्यासाठी घ्यायची होती. तिथे ईसीजी काढणारी ती एकटीच.

पहिल्या मशीनच्या वायरी तिने वाकवून पाहिल्या. प्लग काढून नुसत्या बॅटरीवर चालवली. हिच्या कागदाचे रोल अजून मिळतात का, ते विचारले.

"सगळं मिळते, म्याडम. एका ठोक्याचा फरक निघाला तर ताराचंद नाव लावणार नाई," गोडाऊनचा मालक म्हणाला.

"माणसावर चालवून बघते, काका. मग ठरवू."

"मंग मीच झोपतो ना!" तो विकायच्याच एका पलंगावर आडवा झाला. पायांना चिमटे लावायला रुचिकाने त्याचे मोजे खाली सरकवले.

"फाटके मोजे घालू नोका म्हणून सकाळीच सांगतलं होतं," त्याची बायको शकुंतलाबाई दारातून म्हणाल्या.

"म्याडम मशीन घ्याले आल्या, मोजे नाई."

कागद सरकत बाहेर आला. रुचिकाने तो पाहिला, पुन्हा पाहिला. मिनिटाला अडतीस ठोके.

"काका, हे साठच्या वर असायला हवेत. चक्कर येते का तुम्हाला?"

"नाई बा."

"काऊन लपवता?" शकुंतलाबाई म्हणाल्या. "परवा जिन्यातच बसून गेलते, म्याडम."

"ते उन्हानं."

रुचिकाने तेच चिमटे स्वतःला लावले. चौऱ्याहत्तर. पुन्हा त्याला लावले. अडतीस.

ताराचंद कोपरावर उठला. "मशीनच खराब हाय. इमानदारीनं सांगतो, तुम्ही हे घेऊच नोका."

"मंग दुसरी लावा," शकुंतलाबाई म्हणाल्या. त्या आता पलंगापाशी आल्या होत्या.

दुसऱ्या मशीनवर एकोणचाळीस.

"दोन्ही एकाच गाडीत आल्या," ताराचंद छताकडे पाहत म्हणाला. "रस्त्यानं हादरे बसले असतीन."

शकुंतलाबाईंनी दोन्ही कागद हातात घेतले. रेघांमधले त्यांना काही कळत नव्हते. तरी त्या बराच वेळ पाहत राहिल्या.

"दोन्ही खराबच असतीन ना, बेटा?"

रुचिकाने चिमटे काढले, दोन्ही मशीन बंद केल्या. पलंगाच्या कडेला बसून ताराचंदचे मनगट हातात घेतले, नाडीवर दोन बोटे टेकवली आणि आपल्या घड्याळाचा सेकंदकाटा पाहू लागली. बाहेरून एक ट्रक गेला. काटा पूर्ण फिरून बारावर आला.

सदतीस.