पानावरचा डाग
चार महिने झाले तरी उर्वीच्या फ्लास्कमधल्या मधासारख्या द्रवाचे स्फटिक होत नव्हते; त्याशिवाय पीएचडी होणार नव्हती. तिच्याआधी हेच रसायन बनवणाऱ्या स्वानंदला स्फटिक म्हणे एकदाच मिळाले होते. पुन्हा जमलं नाही, प्रोफेसरांनी विश्वास ठेवला नाही आणि तो संशोधन सोडून इंग्लंडमध्ये रीडिंगला आयटीत गेला. शेवटी तिने त्यालाच फोन लावला. "माझे फ्लास्क आहेत अजून?" "आल्याआल्या घासून लख्ख केले रे." "अगं, विरजणाचं भांडं घासलंस की! जुन्या स्फटिकाचा एक कणही पुरतो, त्यावर नवे धरतात. माझी प्रयोगवही बघ, तेव्हाचे थोडे स्फटिक तिच्या एका पानावर सांडले होते." तिने पानावरचा पांढुरका डाग खरवडून फ्लास्कमध्ये टाकला. चहा पिऊन येईपर्यंत स्फटिकांच्या सुया दाटल्या होत्या. फोटो पाठवताच स्वानंदचा फोन आला. त्याने विचारलं, "म्हणजे तेव्हा खरंच झाले होते ना गं?"