उजवीकडचा मॉनिटर

जुन्या मॉनिटरची पिन नव्या कॉम्प्युटरला बसेना, म्हणून दुरुस्तीवाल्यानं मध्ये अडॅप्टर लावला.

“वहिनी, मॉनिटर एकच, पण कॉम्प्युटर दोन दाखवतोय. दुसरा उजवीकडे आहे म्हणे. अडॅप्टरचाच घोळ असणार,” म्हणत तो गेला.

उजवीकडे नवऱ्याची रिकामी खुर्ची होती. तो मुद्रितशोधक होता. बायकोचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारता सुधारता एक दिवस त्याच खुर्चीत प्राण सोडला.

तिनं टाइप केलं, ‘घर खायला उठतं आणी’.

माऊसवर हात नसताना उजव्या कडेतून बाण आत आला. वेलांटी ऱ्हस्व करून आल्या वाटेनं परत गेला.

तिनं डोळे पुसले. मग मुद्दाम चुकवून विचारलं, ‘तू येशिल?’

बाण आला. त्यानं वेलांटी दीर्घ केली. प्रश्नचिन्ह खोडून तिथे पूर्णविराम दिला.

‘तू येशील.’