सीमेपलीकडचं पाणी

पूरनियंत्रण कक्षात मृदुला खाडिलकर पडद्यावरच्या नदीकडे डोळे लावून बसली होती. आजवर तिच्या संगणकातली नदी राज्याच्या सीमेवर संपायची. पुढचं धरण कर्नाटकच्या संगणकात, वेगळ्याच घड्याळावर चालायचं. सहा वर्षं खपून तिनं आणि तिकडच्या बसवराज हिरेमठांनी दोन्ही संगणकांना एकमेकांशी जोडणारी एकच नियमावली बांधली. आज पडद्यावरचं पाणी प्रथमच सीमा ओलांडून धरणात शिरलं.

"मॅडम, आमचे दरवाजे आत्ताच उघडले तर?" बसवराजांनी फोनवर विचारलं.

"आधी पडद्यावर उघडून बघू."

धरणामागं तुंबलेला फुगवटा उतरला आणि पडद्यावरचा पूर सीमेअलीकडच्या कुरणवाडीच्या वेशीबाहेरच थांबला.

"उघडा!" मृदुला ओरडली.

संध्याकाळी खरी नदीही वेशीबाहेरच थांबली. गाव सोडायला निघालेल्या बायकांनी बोचकी सोडून चुली पेटवल्या. मृदुला आणि बसवराज फोनवर नुसते हसत राहिले.